शिपायाची कसोटी भरतीपुरतीच का?

बाळकुम हे मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. आज त्याच्या भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि बाळकुम नाक्यावरून कशेळी पुलाकडे, पुढे भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची रीघ सतत लागलेली असते. समजा, एखाद्या रात्री या नाक्यावर रसायनाचा टँकर उलटला. बाळकुमला अग्निशमन केंद्र आहे, ११२ क्रमांक फिरवला की मदतीची यंत्रणा हलते, हे सारे खरे. तथापि त्या पहिल्या दहा मिनिटांत घटनास्थळी जो सरकारी माणूस उभा असेल, तो बहुधा एखादा पोलीस शिपाईच असेल. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, टँकरवरील धोक्याची पाटी काय सांगते, वाहतूक किती अंतरावर थोपवावी, जखमीला मान न हलवता कसे उचलावे, बघ्यांना मागे कसे सारावे आणि अग्निशमन दलाला नेमके काय कळवावे, हे सारे त्याला त्याच क्षणी ठरवावे लागते. वरिष्ठ अधिकारी येईपर्यंत लोकांच्या दृष्टीने तोच शासन असतो.

या माणसाची निवड आपण कशी करतो? पुरुष उमेदवाराने १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे, गोळा फेकावा आणि ५० गुणांच्या या मैदानी चाचणीतून तरून १०० गुणांची लेखी परीक्षा द्यावी. त्यानंतर प्रशिक्षण केंद्रात काही महिन्यांचा अभ्यास आणि कवायत. हा पाया आवश्यकच आहे. प्रश्न पुढचा आहे. पुढील तीसेक वर्षांच्या सेवेत शिकलेले कसब हातात टिकले की गंजले, हे पाहण्याची नेटकी व्यवस्था आपल्याकडे आहे काय? उजळणी वर्ग भरतात, गोळीबाराचा सरावही होतो. परंतु वर्गाला हजर राहणे वेगळे आणि काम प्रत्यक्ष करून दाखवणे वेगळे. हजेरीपटावरील सही ही कौशल्याची साक्ष नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीने हा धडा आपल्याला फार मोठी किंमत घेऊन शिकविला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान मुंबईत पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंतचे तास स्थानिक पोलिसांचे होते. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि स्वतःच्या देहावर गोळ्या झेलल्या. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांच्यापुढे महाराष्ट्र नतमस्तक आहे. परंतु एकाच्या असामान्य शौर्यावर विसंबून राहणे हे व्यवस्थेचे धोरण असू शकत नाही. त्यानंतर राज्याने 'फोर्स वन' हे विशेष दल उभारले, हे योग्यच झाले. पण विशेष दल येईपर्यंत नाका सांभाळणाऱ्याचे काय?

शिवाय कामाचे स्वरूपही बदलले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, अशीही तरतूद आहे. तज्ज्ञ येईपर्यंत तेथील रक्ताचा डाग वा पाऊलखूण कोणी पुसू नये, ही जबाबदारी मात्र पुन्हा त्या पहिल्या शिपायाचीच. वीस वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला हे केवळ परिपत्रकाने कसे येणार?

इंग्लंड व वेल्समध्ये नव्या पोलिसाला परिवीक्षेच्या काळात प्रत्यक्ष कामातील आपल्या कौशल्याचा पुरावा नोंदवून दाखवावा लागतो. त्यानंतरच त्याची नेमणूक पक्की होते. त्यांची प्रत उतरवण्याचे कारण नाही, तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे. दोन वर्षांतून एकदा प्रत्येक शिपायाने अग्निशमन दल व रुग्णवाहिकेच्या सोबतीने घटनाप्रसंगाची प्रत्यक्ष परीक्षा द्यावी आणि बढतीच्या वेळी तिच्या निकालास वजन असावे.

यावर आक्षेप येईल की, बंदोबस्ताने पिचलेल्या पोलिसाला परीक्षेस वेळ कोठून मिळणार? आक्षेप खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे विभागण्याचा निर्देश दिला होता. त्याची मनापासून अंमलबजावणी झाली तर हा भार काहीसा हलका होईल. दुसरी भीती अशी की, परीक्षा हा शिपायाला छळण्याचा नवा आसूड ठरेल. म्हणूनच अनुत्तीर्णाला शिक्षा नव्हे, तर पुन्हा शिक्षण मिळावे. परीक्षेचे दिवस कर्तव्यातच धरले जावेत, रजेतून कापले जाऊ नयेत.

बाळकुमच्या नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाकडून आपण प्राणरक्षणाची अपेक्षा करतो. ती पुरी करण्याचे कसब त्याच्या हाती ठेवणे आणि ते टिकले आहे की नाही हे वेळोवेळी पाहणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पार न पाडता दुर्घटनेनंतर त्यालाच निलंबित करण्याचा अधिकार शासनाला कोणत्या तोंडाने सांगता येईल?