मुलांसह निसर्गदालनात

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात येणाऱ्या कुटुंबांचा ओघ मूर्ती, शस्त्रे आणि लघुचित्रे यांकडे वळतो, आणि ज्या निसर्गेतिहास विभागात १९२६ साली खुद्द सालिम अली यांची मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून नेमणूक झाली होती, तो मात्र घाईघाईने उरकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. वस्तुतः तेथील रोहित, गवा, वाघ आणि धनेश हे नुसते पेंढा भरून मांडलेले नसून, त्यांच्याभोवतीचा अधिवासही काचेआड साकारलेला आहे. धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि उरलेल्या चिंचोळ्या फटीतून नर तिला फळे भरवतो, एवढे तेथे उभे राहून सांगितले, की मूल जागचे हलत नाही.

२०१९ साली याच आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. जुन्या गोरखचिंचेच्या सान्निध्यात बसण्या-बागडण्यास मोकळी जागा ठेवण्यात योजकांची खरी दृष्टी दिसते, कारण पाहिलेले पचनी पडण्यास बालकांना हातपाय हलवावे लागतात. पालकांनी म्हणूनच सारी इमारत एका दमात पालथी घालण्याचा अट्टाहास सोडावा आणि निसर्गदालन व हे आवार यांसाठी एक सबंध सकाळ राखून ठेवावी.