कुसळीवर चरणारी गाय आणि टॅनिनची पुडी

माळरानावरची कुसळी वाळली की शेणावरून जनावराची स्थिती कळते. पावसाळ्यात पातळ पडणारे शेण माघ-फाल्गुनात घट्ट होते, थरावर थर बसतात आणि काडीने फोडले तर आत गवताचे न पचलेले तंतू दिसतात. दिवसभर चरून आलेल्या गायीची डावी भकाळी भरलेली असते, तरी बरगड्या मोजता येतात. अशा जनावरांसाठी आता टॅनिन, रिठ्यातले सॅपोनिन, लसूण आणि ओव्याचे अर्क अशी ‘नैसर्गिक’ पूरके मिळू लागली आहेत. त्यांच्यामागे खरे शास्त्र आहे, हे आधीच मान्य करतो. पण त्यांचा गुण येतो की नाही, हे पुडीपेक्षा कोठीपोटात आधी काय गेले आहे यावर ठरते, आणि चराऊ जनावरांच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते.

गवत खाते गाय, पचवतात मात्र कोठीपोटातले जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी. सुमारे 39 अंश तापमानात, प्राणवायूविना ते तंतू आंबवतात. त्यातून तयार होणारी ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले गायीला बहुतांश ऊर्जा पुरवतात. उरलेल्या हायड्रोजनचा मिथेन होतो आणि ढेकरेवाटे जातो; खाद्यातली साधारण 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. या सूक्ष्मजीवांना वाढायला नत्र लागते. चाऱ्यातली प्रथिने 7 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आली की त्यांची उपासमार सुरू होते, तंतू फुटायला वेळ लागतो, पोट लवकर रिकामे होत नाही आणि गायीचे खाणेच घटते. वाळलेली कुसळी आणि ज्वारीचा कडबा या मर्यादेच्या बरेच खाली असतात. आता टॅनिनचे काम पाहा. कोठीपोटात ते प्रथिनांना बांधून ठेवते आणि पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात सोडते. कोवळ्या लसूणघासावर हे वरदान ठरते: जादा प्रथिने वाया जात नाहीत, पोटफुगीही कमी होते. वाळल्या गवतावर मात्र जे थोडेफार नत्र असते, तेही ते सूक्ष्मजीवांच्या तोंडातून काढून घेते.

यावर मिथेनचा मुद्दा पुढे येतो, आणि तो रास्त आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो, असे संस्था सांगते. गोठ्यात बांधून संतुलित खाद्य खाणाऱ्या जनावरांसाठी हे मोलाचे आहे. पण तंतूच कमी पचले म्हणून मिथेन घटला, तर वाचलेली ऊर्जा दुधात उतरत नाही. शिवाय दिवसभर माळावर असलेल्या गायीला पूरक मिळते ते संध्याकाळी एकदाच, गव्हाणीत. आंबवण मात्र रात्रंदिवस चालू असते. दुसरा युक्तिवाद असा की नैसर्गिक ते निर्धोक. युरोपीय संघाने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके चारण्यावर बंदी घातली, त्यामुळे पर्याय शोधायलाच हवेत. पण त्या बंदीत आलेले मोनेन्सिनही मातीतल्या जिवाणूपासूनच मिळते. मूळ नैसर्गिक असणे हा गुणाचा पुरावा नाही.

म्हणून आधी सूक्ष्मजीवांना कमी पडणारे नत्र द्या, उदाहरणार्थ युरियातून. मग युरियाची भीती? ती खरी आहे. एकदम जास्त पोटात गेला तर जनावर दगावते, आणि लहान वासरांना तो देऊच नये. म्हणूनच मळी व खनिजे घातलेली चाटण वीट हळूहळू चाटायला ठेवतात, किंवा 100 किलो कडब्याच्या कुटीला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून लावतात आणि कुटी हवाबंद करून 21 दिवस मुरवतात. पशुवैद्यकाला विचारून उन्हाळ्याआधी एवढे तरी करा. त्यानंतर कुणी पूरकाची पुडी घेऊन दारात आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्या चाचणीतली गाय कोणता चारा खात होती?