कातारकाम, संधिवात आणि हातमोजे

लेथवर लाकूड कातताना संधिवाताच्या हातांना मोजे हवेसे वाटतात: ऊब मिळते, हादरे कमी जाणवतात, उडणारा भुसा टोचत नाही. धोका फिरत्या लाकडाचा. १० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर पाव सेकंदात त्याचे चार फेरे होतात. म्हणजे हात मागे घेण्याचे सुचेपर्यंत सव्वा मीटर पृष्ठभाग सरकलेला असतो. मोज्याचा सुटा धागा त्यात अडकला की कापड फाटत नाही, बोटे ओढली जातात. जाड, न फाटणारा मोजा म्हणूनच सर्वांत वाईट. पॉलिश पेपर मारताना तर कोणताच मोजा नको. हत्यार धरताना फार तर बोटे उघडी असलेला, घट्ट बसणारा मोजा चालेल; मनगटाची पट्टीही लोंबती नको.

खरा उपाय मुठीत आहे. चिमटीत एक किलो जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे बारापट भार येतो. पटाशीच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली की पकड सैल ठेवता येते. लांब मूठ कमरेशी टेकवावी. धार वरचेवर लावावी. बोथट पटाशी सगळा जोर सांध्यांकडून वसूल करते. ऊब हवी असल्यास कामाआधी हात कोमट पाण्यात बुडवावेत.