बाबा, गॅरेज आणि एक छोटा रणगाडा

आई-बाबा पहिल्यांदा परदेशी येतात तेव्हा पहिले पंधरा दिवस फोटोंत जातात. पुढचे पंधरा दिवस ‘इथे भाजी किती महाग’ यात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : आता यांचं करायचं काय?

माझे आई-बाबा 2019 च्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर इप्सविचला आले. पुण्याच्या आयटीवाल्यांना हे गाव नवं नाही. शेजारीच मार्टलशमला ब्रिटिश टेलिकॉमचं संशोधन केंद्र आहे आणि त्याच्या कृपेने इथे गणपतीत मोदकांची ऑर्डर देता येते! आईने आठवड्यात तीन मैत्रिणी जोडल्या. बाबा मात्र खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजायचे.

बाबा म्हणजे पिंपरी-चिंचवड पट्ट्यातले जुने टर्नर. 2001 साली कंपनीने त्यांच्या हातावर स्वेच्छानिवृत्ती ठेवली (त्यात इच्छा कुणाची होती ते विचारू नका). मग पंधरा वर्षं एका सोसायटीत सुपरवायझर. टर्नर असताना घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं एक छोटं लेथ होतं. तिथे दादाला प्रवेश होता. मला ‘केस अडकतील’ म्हणून उंबऱ्यावरच थांबवलं जायचं.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही वुडब्रिजच्या बाजूला स्ट्रॉबेरी आणायला गेलो. बागेचे मालक ऐंशीच्या घरातले आजोबा. आम्ही स्ट्रॉबेरी तोलून घेत होतो आणि बाबा गायब! सापडले ते मागच्या गोठ्यात. कोंबड्यांच्या जाळीखाली गंजलेलं काहीतरी होतं आणि त्यासमोर ते उकिडवे बसले होते.

‘‘अगं, हा रणगाडा आहे का?’’

चाकाऐवजी पट्टे

रणगाडा नव्हता, पण चुलतभाऊ म्हणता येईल. तो होता रॅन्सम्स एम.जी. 5, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा छोटा क्रॉलर ट्रॅक्टर. रॅन्सम्स ही इप्सविचचीच कंपनी. रॉबर्ट रॅन्समने 1789 साली इथे बस्तान बसवलं, 1803 मध्ये स्वतःची धार स्वतः राखणाऱ्या नांगराच्या फाळाचं पेटंट घेतलं आणि 1832 पासून त्याच्या वारसांनी हिरवळ कापायची यंत्रं बनवायला घेतली. आपल्याकडे किर्लोस्करांची सुरुवात लोखंडी नांगरापासून झाली, तसंच काहीसं. 1936 मध्ये रॅन्सम्सने भाजीपाला आणि फळबागावाल्यांसाठी एम.जी. 2 काढला. पुढे एम.जी. 5, 6 आणि 40 आले आणि 1966 मध्ये हे सगळं थांबलं. आज नॅक्टन रोडवर या कंपनीच्या नावाचं बिझनेस पार्क आहे. माझे निम्मे मित्र तिथून जातात, नाव मात्र कुणी वाचत नाही.

यंत्र गमतीचं आहे. साधारण सहाशे सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं पेट्रोल इंजिन. त्याचं मूळ डिझाइन स्टर्मी-आर्चरचं, म्हणजे सायकलचे तीन गिअर करणारे तेच! पुढे जायला एक गिअर, मागे यायला एक. रेस वाढवली की क्लच आपोआप धरतो, आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरसारखा. स्टिअरिंग नाहीच. दोन लिव्हर आहेत. डावा ओढला की डाव्या पट्ट्याला ब्रेक लागतो आणि स्वारी डावीकडे वळते. वेग माणसाच्या रमतगमत चालण्याएवढा. रुंदीला इतका बेताचा की दोन सरींमधून जावा. वजन पट्ट्यांवर पसरतं म्हणून ओल्या मातीत रुतत नाही.

चारशे पौंडांत सौदा झाला. ‘एम.जी. घेतली’ असा मेसेज वाचून नवरा ऑफिसातून धावत घरी आला. त्याला वाटलं स्पोर्ट्स कार. गॅरेजचं शटर उघडल्यावर त्याचा जो चेहरा झाला, त्याचा फोटो काढायला हवा होता.

सूत म्हणजे सूत

पहिल्याच दिवशी घोळ. मी हौसेने आणलेल्या चकचकीत पान्ह्यांपैकी एकही बसेना. बाबांनी बोल्टच्या आट्यांवरून नख फिरवलं.

‘‘व्हिटवर्थ आहे. तीन सुती. तुझे पान्हे एम.एम.चे, ते इथे नुसते कोपरे खातील.’’

जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं पहिलं मोठं प्रमाण ठरवलं. त्याच्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा, आजच्या मेट्रिकचा साठ. वर त्याच्या पान्ह्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसतो, दांड्याच्या जाडीचा असतो. माझ्या ऑफिसातल्या एकाही इंग्रज पोराला हे माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, कारण नोकरीची पहिली दहा वर्षं त्यांनी जुनी ब्रिटिश मशिनं चालवली होती. एका सुताचे आठ म्हणजे एक इंच, हा हिशेब त्यांच्या बोटांतच होता. बागेचे आजोबा दर रविवारी बघायला यायचे. ते म्हणायचे ‘थ्री एट्थ्स’, बाबा म्हणायचे ‘तीन सूत’ आणि दोघं एकाच पान्ह्याकडे हात करायचे. एवढ्या शिदोरीवर दोघांची चार महिने मस्त दोस्ती चालली.

पिस्टन जाम होता. मी हातोडा उचलला तर बाबा ओरडले, ‘‘ठोकायचं नाही!’’ हेड काढलं, सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओतलं आणि थांबलो. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की विचारायचे, ‘‘हललं?’’ डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला हे थांबणं फार जड गेलं. अकराव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हलकी थाप दिली आणि तो केसभर सरकला. बाबांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. अप्रेझलमध्ये इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

फर्स्ट इयरची फी

पिस्टन बाहेर आला तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘किती झिजलाय बघायला हवं. माझा मायक्रोमीटर असता तर...’’

‘‘कुठे गेला तो?’’ मी सहज विचारलं.

‘‘तुझ्या फर्स्ट इयरला गेला. लेथबरोबरच.’’

2002 साली लेथ विकलं तेव्हा बाबा ‘हल्ली कामं येत नाहीत’ असं म्हणाले होते. आम्ही ते खरं मानलं. त्याच पावसाळ्यात माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. दोन गोष्टींची तारीख जवळपास एकच होती, पण हा हिशेब मी सतरा वर्षं मांडलाच नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते मी! बाबा मात्र बोलून मोकळे झाले आणि चिंधीने पिस्टन पुसत बसले. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

लिव्हरचे बुश पार गेले होते. नवे बनवायला लेथ हवं. बागेच्या आजोबांच्या शेडमध्ये एक जुनं मायफर्ड निघालं. बाबा त्याच्यासमोर नुसते उभे राहिले. मग चकवर हात फिरवला, टूलची उंची बघितली आणि मागे न वळता म्हणाले, ‘‘वेणी घाल नीट. आणि इथे उभी राहा, माझ्या उजवीकडे. तिथून नाही दिसायचं.’’

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी उंबरा ओलांडला. पहिला बुश त्यांनी केला. दुसरा माझ्याकडून करून घेतला. तो फेकून द्यावा लागला. तिसरा आजही गाडीत आहे.

ऑक्टोबरात बाबा परत गेले तेव्हा इंजिन जोडून झालं होतं, पट्टे बाकी होते. निघायच्या आधी मी त्यांना जुन्या बाजारातून आणलेला इंची मायक्रोमीटर दिला. त्यांनी उघडला, मिटला आणि गॅरेजच्या खणात ठेवला. ‘‘तिकडे नेऊन काय मोजू? काम इथे आहे.’’

व्हिडिओ कॉलवरची शिंक

2020 च्या लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता. या पट्ट्यांना पिना नाहीत. रोडलेस कंपनीची युक्ती अशी की दोन कड्यांमध्ये रबराचे ठोकळे दाबून बसवलेले असतात आणि तेच सांध्याचं काम करतात. ना वंगण, ना मातीने झीज. पण सत्तर वर्षांत आमच्या रबराचा दगड झाला होता. एकेक बदलायला मला दोन महिने लागले.

मेमधल्या एका रविवारी दुपारी बारा वाजता फोन खोक्यावर टेकवला. निगडीत साडेचार, चहाची वेळ. पेट्रोलचा नळ उघडला, चोक ओढला, हँडल धरलं.

‘‘अंगठा!’’ फोनमधून आवाज आला. हँडलवर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेढा घालायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर मोडतो.

सातव्या फेरीला ते धडधडलं, मग फटफट करून शिंकायला लागलं. बाबांनी डोळे मिटले. ‘‘अगं, तो कुकर बंद कर, ऐकू येत नाहीये,’’ हे आईला. मग मला, ‘‘कार्ब्युरेटरमधून शिंकतंय. पेट्रोल कमी पडतंय. चोक अर्धा ठेव, गरम होऊ दे.’’

ठेवला. शिंका थांबल्या. गॅरेजभर निळा धूर आणि सात हजार किलोमीटरवर बाबा डोळे मिटून बसलेले. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

2022 मध्ये ते पुन्हा आले. विमानतळावरून घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी गॅरेजमध्ये गेले. खणातला मायक्रोमीटर काढला, उघडला आणि म्हणाले, ‘‘तेल दिलं नाहीस याला.’’

तुम्हालाही हात काळे करायचेत?

क्रॉलरच हवा असं नाही. घरातली जुनी स्कूटर किंवा विहिरीवरचं ऑइल इंजिनही चालेल.

• उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. नट-बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा.

• जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ फुंकू नका, ओली करून पुसा. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका.

• गंजासाठी धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर हा उपाय छान आहे, पण मोकळ्या हवेत करा. आणि त्यात स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, विषारी क्रोमियम सुटतं.

• जाम झालेल्या भागाला वेळ द्या, हातोडा नको.

• आणि हेल्पर हवा असेल तर घरातल्या मुलीलाही हाक मारा.