सोनपेठचा पोरगा नेमका कुठे अडकतो?

शालेय कबड्डीत तालुक्यातून वेचक खेळाडू पुढे जात नाहीत, जाते ती जिंकलेली शाळा. सोनपेठला उपांत्य फेरीत हरलेल्या शाळेतला चढाईपटू कितीही चपळ असो, त्याचं वर्ष तिथंच संपतं. जिंकलेल्या शाळेचे बारा जण मात्र, राखीव धरून, परभणीला जिल्हा स्पर्धेत उतरतात. नंतर विभाग, मग राज्य. व्यक्तिशः निवड होते ती राज्य पातळीवर, राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा संघ काढताना. पंचाची शिट्टी सगळ्यांना ऐकू येते, निवड समितीचे गुण सहसा कोणाला दिसत नाहीत. खरा वाद इथला आहे.

राज्य संघाच्या निवड चाचणीत अनोळखी पोरांचे संघ पाडतात. चढाईपटू एकट्याने चमकतो. डावा कोपरा सांभाळणारा मात्र साखळीतल्या नेहमीच्या जोडीदाराशिवाय निम्माच दिसतो.

वयाचाही प्रश्न आहेच. वयोगट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. जन्मतारखेची सीमा 1 जानेवारी, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. कॅनडाच्या आइस हॉकीतली ही तफावत रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्ये दाखवली. शालेय रग्बीत, जिथे अंगापिंडाला मोल, ती आणखी बोचते. (आपल्याकडे गुरुजींनी अंदाजाने घातलेली 1 जून ही जन्मतारीख हा आणखी वेगळा घोळ!)

या निवडीला नोकरीचीही किनार आहे: राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चाचणीच्या मैदानाबाहेर पालक ताटकळत उभे असतात ते उगाच नव्हे.