हुकमाने माणसे मिळतात काय?

साथीच्या काळात वृद्धांची शुश्रूषागृहे कशी चालवावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला घास भरवायचा, कूस पालटून द्यायची, तर माणूसच हवा. याबाबतीत कॅनडाचा २०२० सालचा अनुभव आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो.

तेथील पुष्कळ सेविका दोन-दोन गृहांत अर्धवेळ राबत. एका जागी पोटापुरते काम मिळत नसे. त्यांच्याबरोबर रोगही या गृहातून त्या गृहात जाई. म्हणून ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्चअखेर हुकूम काढला, की एका सेवकाने एकाच गृहात काम करावे. मात्र त्याबरोबरच कमी वेतन वाढवून सर्वांना समान दर दिला.

ऑन्टारियो प्रांतातही २२ एप्रिलपासून असाच नियम आला. त्याआधीच चालकांना करारातील अटी बाजूला सारून माणसे हवी तेथे नेमण्याची मुभा दिलेली होती. पण कंत्राटी संस्थांमार्फत येणारे तात्पुरते सेवक या नियमातून वगळले गेले. तरीही माणसे अपुरी पडली आणि काही गृहांत लष्कराचे जवान धाडावे लागले.

हुकमाने सेवकाची ये-जा थांबवता येते. नवा सेवक निर्माण करता येत नाही. त्याला एका जागी पुरेसे काम आणि पुरेसे वेतन आधीपासूनच द्यावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.