चाकं उचलली की गाडी माल होते

बाबांची मारुती ८०० आमच्या गोठ्याच्या पडवीत २०१६ पासून उभी होती. १९९६ साली घेतलेली गाडी. पंधरा वर्षांची नोंदणी २०११ मध्ये संपली तेव्हा बाबांनी ती पाच वर्षांनी वाढवून घेतली. ती मुदत संपेपर्यंत त्यांचे डोळे अधू झाले होते, गुरंही विकून झाली होती, म्हणून गाडी गोठ्यात आली. मग विमा संपला, पीयूसी संपलं, चारही टायर बसले आणि चिपळूणच्या दमट हवेने पत्रा खालून खायला सुरुवात केली. बाबा गेल्यावर आम्ही भावंडांनी गाडी दुरुस्त करायचं ठरवलं. जुन्या मारुतींचं पत्र्याचं काम मन लावून करणारा मिस्त्री मिळाला तो कराडला. मध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता आणि कुंभार्ली घाट.

चुलतकाकांकडे उत्तर तयार होतं. "ट्रॅक्टरला बांधू नि नेऊ. तू ष्टेरिंगवर बस, झालं." गावात बंद गाड्या अशाच हलतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं वावगं वाटायचं कारण नव्हतं. मी नियम वाचून काढले. दोराने गाडी ओढायला परवानगी आहे, पण ती बिघडलेल्या गाडीसाठी आणि जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने जमिनीवरून उचललेली हवीत. दोन गाड्यांत ५ मीटरहून जास्त अंतर नको, दोर इतरांना सहज दिसेल असा हवा, मागच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहायला हवं आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. घाटापलीकडचं कराड हे जवळचं गॅरेज नव्हे.

शिवाय विमा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सांगतं की त्रयस्थ पक्षाचा विमा असल्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं मला फार वाटलं नाही. घाटात आमची गाडी कुणाच्या अंगावर गेली तर त्या माणसाला भरपाई कोण देणार, हा प्रश्न मात्र सुटेना. दोर गाडीला ओढू शकतो, अडवू शकत नाही. उतारावर मागच्या गाडीचे ब्रेक गेलेले असले की ती पुढच्या गाडीवर जाऊन आदळते. काकांना कलम नाही पटलं, हे पटलं.

चिपळुणात दोघा टोइंगवाल्यांकडे चौकशी केली. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर लोळवत नेणारी क्रेन स्वस्त होती. मारुती ८०० ला ती तशी चालते, कारण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि मागची नुसती फिरतात. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर असती तर मागच्या चाकांबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा मागचा भागही शंभर किलोमीटर फिरत राहिला असता. अशा गाडीचा शाफ्ट आधी सोडवतात किंवा तिला मागून उचलतात. आमची अडचण वेगळी होती, मागचीच दोन चाकं जाम होती. आणि दोन चाकं रस्त्यावर राहिली म्हणजे विम्याचा प्रश्नही रस्त्यावरच राहिला. चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडचे ११,००० रुपये सांगितले. तो आकडा अवाजवी नव्हता, रिकामी गाडी परत आणायचं डिझेलही त्यात धरलेलं होतं.

वाट दाखवली ती गावातल्या मेकॅनिकने. बाबांच्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं त्यानेच बदललेलं. तो म्हणाला, "ताई, गाडी टोइंगला देऊ नका, भाड्याला द्या. घाटावरनं माल टाकून गेलेला ट्रक रिकामाच चढतो."

परतीचं भाडं म्हणजे काय हे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या वर जातात, तेव्हा रिकामा ट्रक मिळत नाही आणि मिळाला तर भाव चढा. डिसेंबरात उलटं. घाटावरून कांदा, पशुखाद्य, सिमेंट खाली येतं आणि वर न्यायला काही नसतं. मेकॅनिकने टेप लावून गाडी मोजली: लांबी ११ फूट, रुंदी पाच फुटांच्या आत, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. छोटा हत्ती अपुरा. चौदा फुटी आयशर मात्र पुरून उरते. पशुखाद्याची पोती उतरवून पाटणकडे परतणाऱ्या एका आयशरवाल्याने ४,५०० रुपयांत गाडी कराडला टाकायचं कबूल केलं.

कायद्याच्या बाजूनेही हाच मार्ग सरळ आहे. हौद्यात चढवलेली मोटार रस्त्यावर चालत नाही, ती माल असते. मग नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट हे सगळं ट्रकचं पाहिलं जातं आणि लायसन्स ट्रकच्या ड्रायव्हरचं. माल हौद्याबाहेर डोकावता कामा नये आणि ट्रकच्या पासिंगपेक्षा जड असता कामा नये, एवढं सांभाळायचं. गाडी कुणाची हे दाखवायला मी आरसी बुकाची प्रत, बाबांच्या मृत्यूचा दाखला आणि माझ्या सहीचं पत्र अशी फाइल केली. मालाचा मालक केबिनमध्ये बसून जाऊ शकतो, म्हणून माझ्या जाण्याचाही प्रश्न मिटला.

आदल्या दिवशी गाडी ढकलण्यापुरती मोकळी करायची होती, आणि त्यात अख्खा दिवस गेला. बाबांनी गाडी उभी करताना नेहमीच्या सवयीने हँडब्रेक ओढला होता. इतक्या पावसाळ्यांत मागचे ब्रेकशू ड्रमला गंजाने चिकटले होते. मेकॅनिकने हँडब्रेकची केबल सैल केली, ड्रमच्या कडेवर गंज सोडवायचं तेल मारलं आणि चहा पिऊन आला. मग हातोड्याने ड्रमभोवती हलके ठोके. जोरात मारला तर बिडाचा ड्रम तडकतो. डावं चाक तासाभरात सुटलं. उजवं संध्याकाळी पाचला सुटलं, आणि सुटताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. टायर हवा धरत नव्हते, म्हणून त्याने ओम्नीची चार जुनी चाकं आणून बसवली. बारा इंची, तेच चार बोल्ट. टाकीतलं आंबूस वासाचं पेट्रोल काढून घेतलं, बॅटरी काढली आणि बॉनेटखालचं उंदराचं घरटं उचलून बाहेर ठेवलं.

सकाळी सातला ट्रक आला. घरामागच्या शेताचा बांध खालच्या वाटेपेक्षा साडेतीन फूट उंच आहे, जवळजवळ हौद्याइतकाच. ड्रायव्हरने उतरून बांधावर टाच मारून पाहिली, मग फाळका खाली सोडला आणि क्लिनरच्या शिट्टीवर ट्रक इंचाइंचाने मागे घेतला. बांध आणि हौदा यांत दीड हाताची फट राहिली. तिच्यावर सेंट्रिंगच्या जाड फळ्या, प्रत्येक चाकाखाली दुहेरी. फळ्यांच्या टोकाखाली मी जांभ्याचा चिरा सरकवायला गेले तर ड्रायव्हरमामांनी थांबवलं. "चिरा नको ताई. चाक आलं की फुटतोय." त्यांनी लाकडी गुटके लावले.

गाडीचं तोंड केबिनकडे ठेवलं, म्हणजे इंजिनाचं वजन पुढे राहतं. पुढच्या खालच्या हुकात नाडा अडकवला. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला दोर बांधायचा नसतो, जुन्या गाडीत ते उपटून हातात येतात. चार गडी हौद्यात नाडा धरून, दोघं मागून ढकलायला, मी स्टिअरिंगवर, गाडी न्यूट्रलमध्ये. ब्रेक नव्हतेच. पण या कामातला मुख्य माणूस यांपैकी कुणीच नव्हता. तो क्लिनर होता, विशीतला पोरगा, दोन्ही हातांत गुटके घेऊन मागच्या चाकांच्या मध्ये वाकलेला. गाडी वीतभर पुढे सरकली की तो दोन्ही चाकांमागे गुटके सारायचा, मग गडी श्वास घ्यायचे. ओढ, सरक, गुटका. पुढची चाकं फळीवर आली तेव्हा फळ्या वाकल्या आणि मला पायाखाली सगळी पोकळी जाणवली. समोर हौद्यात उभे राहून मामा म्हणाले, "खाली बघू नका. माझ्या हाताकडं बघा." त्यांचा पंजा डावीकडे बोटभर कलला की मी चाक बोटभर वळवायचं. बांधापासून हौद्याच्या टोकापर्यंतचं अंतर पंधरा-सोळा फूट. लागली पंचवीस मिनिटं.

बांधणं मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. चारही चाकांच्या पुढे-मागे गुटके ठेवून ते हौद्याच्या लाकडी तळाला खिळ्यांनी ठोकले. पट्टे गाडीच्या अंगावरून टाकले नाहीत, चाकांवरून टाकून कड्यांना तिरपे ताणले. कारण मामांनीच सांगितलं: अंगावरून बांधलं तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा सैल पडतो आणि गाडी नाचायला लागते, चाक बांधलं की वरचं अंग हवं तेवढं हलू दे. फाळका आणि गाडी यांच्यामध्ये जुने टायर भरले, कारण चढावर माल मागे रेटतो.

अलोरे, शिरगाव, पोफळी. घाट लागण्याआधी मामांनी ट्रक बाजूला घेतला आणि सगळे पट्टे पुन्हा तपासले. एक बोटभर सैल निघाला. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, एकदाही घाई न करता. हेळवाकला चहा झाला. पाटणच्या अलीकडे पोलिसांनी हात केला, ट्रकचे कागद पाहिले, मागे नजर टाकली आणि गाडी कुणाची ते विचारलं. मी फाइल पुढे केली. दोन मिनिटांत निघालो. कराडच्या मिस्त्रीने गॅरेजमागे मुरमाचा उतार करून ठेवलेला आहे, त्यामुळे उतरवायला फारसं काही लागलं नाही.

भाडं ४,५००, गड्यांची मजुरी १,२००, मेकॅनिकचे ८००. एकूण ६,५०० रुपये आणि दोन दिवस. हा मार्ग सगळीकडचा नाही. घराजवळ उंच बांध नसेल, माणसं नसतील, चाकं सुटत नसतील, तर फ्लॅटबेडच बरा. शहरात दहा-पंधरा किलोमीटरसाठी मी दुसरा विचारच करणार नाही.

गाडी दुरुस्त करायचीच नसेल तर ती भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. कायमची निकामी झालेली गाडी नोंदणी अधिकाऱ्याला कळवणं कलम ५५ प्रमाणे मालकाचं काम आहे. नाहीतर नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो आणि त्या नंबरचं पुढे काय होतं ते तुमच्या हातात नसतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो आणि नव्या गाडीच्या करात त्याची सवलत घेता येते.

बाबांची गाडी अजून कराडलाच आहे. ती रस्त्यावर यायला वारस म्हणून नाव बदलणं, नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, विमा असं बरंच बाकी आहे. तोवर एक विनंती. तुमच्याही पडवीत, वाड्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी गाडी उभी असेल तर आज जाऊन तिचा हँडब्रेक सोडा. आधी चाकांना पुढून-मागून गुटके लावा, गाडी गिअरमध्ये टाका, मगच सोडा.